खुलासा: नायजेरियातील गव्हर्नर आणि त्यांचे ‘गॉडफादर’

‘नायजेरियात राजकीय गॉडफादरच्या मनात आले की निवडून आलेला गव्हर्नर घरी जातो, अनांब्रा राज्याचे ख्रिस एनगिगे 2003 मध्ये असेच गेले,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे; तो अर्धवट आहे. त्यांचे ‘गॉडफादर’, म्हणजे धनाढ्य राजकीय पाठीराखे, ख्रिस उबा यांच्याशी वितुष्ट आल्यानंतर 10 जुलै 2003 रोजी पोलिसांनी एनगिगे यांना ताब्यात घेतले आणि त्यांच्या नावाचे राजीनामापत्र विधिमंडळात स्वीकारलेही गेले, हे खरे आणि अत्यंत लाजिरवाणे आहे. मात्र ते पुन्हा पदावर आले. त्यांचे पद गेले ते मार्च 2006 मध्ये, 2003 च्या निवडणुकीचे खरे विजेते पीटर ओबी असल्याचा निकाल अपील न्यायालयाने कायम केल्यामुळे.

ओयो राज्यात तिथले गॉडफादर लामिदी अदेदिबू यांच्याशी बिनसलेले गव्हर्नर रशिदी लादोजा यांना जानेवारी 2006 मध्ये 32 पैकी अवघ्या 18 आमदारांनी हटवले. राज्यघटनेनुसार दोन तृतीयांश, म्हणजे किमान 22 मते हवी होती, आणि न्यायालयांनी ती कारवाई रद्द ठरवल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लादोजा परतले. या गॉडफादर मंडळींचा कारभारातला हस्तक्षेप कुणी नाकारत नाही; पण त्यांना सर्वशक्तिमान ठरवणे म्हणजे त्यांना रोखणाऱ्या न्यायालयांचे काम पुसून टाकणे होय.