मधली खुर्ची

“हा तोच का रे मघाचा?”

“हो आत्या, तोच. दाढी वाढलीय.”

2016च्या दिवाळीत ‘डॉक्टर स्ट्रेंज’ दाखवायचं वचन नऊ वर्षांच्या भाच्याने माझ्याकडून भाऊबिजेच्या ताटावरच घेतलं. एकटी घरात बसून काय करू म्हणून आत्याही निघाली. हिंदी खेळ भरला होता, म्हणून इंग्रजीची तिकिटं काढली, आणि एकशे पंधरा मिनिटं दोघांच्या मध्ये मी.

भाच्याला सगळं पाठ. हा डॉक्टर कॉमिकमध्ये 1963 साली आला म्हणे. “माझ्या लग्नाच्या वर्षी,” आत्या म्हणाली आणि त्याच्याकडे जरा आपुलकीने पाहू लागली. तेवढ्यात तो रात्री घाटात गाडी हाकता हाकता फोनवर पेशंटचे फोटो बघायला लागला. “एवढा शिकलेला, आणि...” वाक्य पुरं व्हायच्या आत गाडी खाली. दोन्ही हातांची वाट लागली, हाडांत अकरा पिना. मी हळहळलो. आत्या नाही. “माझ्या गुडघ्यात दोन स्क्रू आहेत. मी मंडईत जातेच की!”

मग डॉक्टर उपाय शोधत काठमांडूला पोचला आणि आत्या खुर्चीतून अर्धी उठली. “अरे, हे पशुपतिनाथ! आमच्या यात्रेतल्या एका बाईंची चप्पल इथेच गेली!” शूटिंग खरोखर तिथलंच आहे, त्यामुळे मला तिला खोटं पाडता येईना. मागच्या रांगेतून “शूऽऽ” आलं. आत्याने मागे वळून त्यांनाही चपलेचं सांगितलं.

पडद्यावर टिल्डा स्विंटनचं गुळगुळीत डोकं दिसलं. “अगं बाई, नवरा गेला वाटतं बिचारीचा.” मी म्हटलं, त्या गुरू आहेत. गुरूंनी एका दणक्यात डॉक्टरचा आत्मा देहाबाहेर काढला. थिएटर अवाक. आत्या पर्समधून आवळासुपारी काढत म्हणाली, “परकायाप्रवेश. शंकराचार्यांचा.” पुढे त्या गुरू काळोख्या दुनियेतली शक्ती चोरून शेकडो वर्षं जगताहेत, असं निघालं.

“चांगदेव,” आत्याचा निकाल.

“कोण चांगदेव?” भाचा माझ्या मांडीवरून वाकला. “कुठल्या युनिव्हर्समधले?”

“चौदाशे वर्षं जगले. वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले.”

“आणि जिंकले?”

“छे! समोरून भिंत चालत आली.”

त्यानंतर अख्खं न्यूयॉर्क घडी घातल्यासारखं दुमडलं, इमारती उलट्या झाल्या, पण भाचा पडद्याकडे बघेना. त्याला भिंतीवर किती जण बसले होते ते हवं होतं. तीनशे रुपयांच्या तिकिटावर तो माझ्या मांडीवरून आळंदी बघत होता.

शेवटी डॉक्टर डोर्मामू नावाच्या राक्षसाला काळाच्या चक्रात अडकवतो. मरतो, परत येतो, तेच वाक्य म्हणतो: मी सौदा करायला आलोय. पुन्हा मरतो, पुन्हा तेच. राक्षस रडकुंडीला येतो.

“हा तोच का रे मघाचा?” आत्याने विचारलं. अकराव्यांदा.

सबंध सिनेमात मला कुणाची बाजू मनापासून पटली असेल, तर डोर्मामूची.

नावं सरकायला लागली. मी उठलो. भाच्याने शर्ट धरून खाली बसवलं, अजून आहे म्हणे. होतंच. लांब केसांचा एक धिप्पाड गडी बसलेला, हातातला बिअरचा मग पिऊन संपला की आपोआप भरतोय.

“द्रौपदीची थाळी,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे झुकली. “हा नवीन का रे?”

मी खाली वाकून चपला शोधायला लागलो. बूट घालून आलो होतो.