‘परखड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

नमस्कार ‘परखड’,

साहेब म्हणू की बाई म्हणू, कळायला मार्ग नाही. स्वतःचं नाव तुम्ही लपवलंत, पण त्याखाली आपली आयआयएम आणि बॅच लिहायला मात्र विसरला नाहीत. असो.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या लेखात मी म्हटलं होतं की इन्व्हेस्टमेंट बँकेत (कंपन्यांना भांडवल उभं करून देणाऱ्या, खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणाऱ्या बँकेत) नोकरी देताना आधी कॉलेज बघतात, मग वेळ उरला तर माणूस. त्यावर तुमचं म्हणणं असं: अहमदाबाद, बंगलोर, कलकत्त्याच्या आयआयएमची मुलं कॅटने, म्हणजे प्रवेश परीक्षेने, चाळून दिलेलीच असतात, मग बँकेने पुन्हा चाळत का बसावं? गोल्डमन सॅक्स या बड्या इन्व्हेस्टमेंट बँकेने 2016 मध्येच अमेरिकेत कॉलेजात जाऊन पहिली फेरी घेणं सोडून व्हिडिओ मुलाखती आणल्या, म्हणजे मी जुन्या जमान्यात आहे. आपल्याकडे कुठल्याही गावचा सीए या धंद्यात शिरतो. कॅट तीन नव्हे, दोन तासांची असते. आणि शेवटी, ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय!’

कॅटचं तुमचं बरोबर. 2020 पासून ती दोन तासांची आहे, लेखात दुरुस्ती केली. चूक दाखवली की मी लगेच मान्य करतो.

आता द्राक्षं. अहो, मी तासगावचा. द्राक्ष आंबट कधी लागतं हे निदान मला तरी शिकवू नका. आमची दोन एकर बाग होती, ‘तास-ए-गणेश’ची. वाणाचं नाव मोठं, पण नुसत्या नावावर एकाही व्यापाऱ्याने वडिलांना भाव सांगितला नाही. तो बागेत यायचा, घडाच्या शेंड्याचा मणी तोडायचा, कारण तिथे गोडी सगळ्यात उशिरा भरते, आणि तो चघळत पाच-सहा ओळी फिरून मग आकडा बोलायचा. तुमच्या बीकेसीत (मुंबईतल्या बँकांच्या वांद्रे-कुर्ला संकुलात) मणी तोडायचे कष्टच कोणी घेत नाही. खोक्यावरचं नाव वाचलं की सौदा पक्का.

हो, मला आयआयएमने घेतलं नाही. हे मी कधी लपवलेलं नाही, उलट याच ब्लॉगवर दोनदा लिहिलंय. प्रतिक्रिया ठोकण्याआधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. कॅटमध्ये 98 च्या वर पर्सेंटाईल होतं. पण बोलावणं काढताना या संस्था दहावी-बारावीचे गुणही मोजतात, आणि दहावीच्या परीक्षेआधी महिनाभर मी काविळीने अंथरुणावर होतो. 68 टक्के. त्या काविळीचा माझ्या व्हॅल्युएशन मॉडेलशी, म्हणजे कंपनीची किंमत काढायच्या गणिताशी, काय संबंध, हे तुम्हीच सांगा. जळफळाट म्हणायचा असेल तर खुशाल म्हणा, पण मग शब्द तरी शोभेल असा वापरा. ‘दुसरं काय!’ ही काय बोलायची पद्धत झाली?

पुण्याच्या एका कॉलेजातून एमबीए केलं. नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलेलं नसेल. मग चार वर्षं मालाडच्या एका बॅक ऑफिसात लंडनच्या टीमसाठी पिचबुकं (ग्राहक कंपनीपुढे मांडायची सादरीकरणं) केली. कॉम्प्सच्या (तशाच इतर कंपन्यांशी तुलनेच्या) तक्त्यांनी भरलेली पानं माझी, मुखपृष्ठावरची नावं त्यांची. त्यानंतर मुंबईतल्या एका बँकेत मुलाखत मिळाली. समोरच्या एमडीने (मॅनेजिंग डायरेक्टरने) सीव्ही उलटासुलटा करून पाहिला आणि पहिला प्रश्न टाकला, ‘हे कॉलेज नक्की कुठे आलं?’ मी म्हटलं, कात्रजच्या पुढे. ते हसले. दुसरा प्रश्न आलाच नाही, चहा मात्र आला.

पुढे कंपन्यांचे शेअर बाजारात आणणाऱ्या एका छोट्या मर्चंट बँकरकडे लागलो. तिथे काही वर्षांनी एचआरने अर्जांची एक्सेल शीट पाठवली, दोनशेच्या वर ओळी. ‘कॉलेज’च्या रकान्यावर फिल्टर टाकला, चौदा ओळी उरल्या. बाकीच्या अर्जांची फाईल कोणी उघडलीही नाही. तो फिल्टर मीच टाकला होता. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि सकाळी डीआरएचपीचा, म्हणजे शेअर विक्रीआधी सेबीकडे द्यायच्या माहितीपत्रकाचा, मसुदा वकिलांकडे जायचा होता. तेव्हा चाळणीने वेळ वाचतो हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. तो मुद्दा मी कधी नाकारला?

ही रड काही आपलीच नाही. लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या बँका, लॉ फर्म आणि सल्लागार कंपन्यांतल्या भरती करणाऱ्या 120 जणांशी बोलून हेच मांडलंय: ठरलेल्या यादीतल्या विद्यापीठांबाहेरून आलेला अर्ज बहुतेक वेळा वाचलाच जात नाही. लंडनमध्ये तर 2016 साली सरकारी आयोगाच्या अहवालात इन्व्हेस्टमेंट बँकांबद्दल लिहिलं गेलं की सुटाखाली तपकिरी बूट घालून आलेला उमेदवार ‘आपल्यातला नाही’ म्हणून ओळखला जातो. बूट, साहेब! त्याला कुठली द्राक्षं लावणार?

गोल्डमनचं म्हणाल तर ते अमेरिकेतलं झालं, इथे त्याचा काय संबंध? आणि व्हिडिओत बोलणाऱ्याचा सीव्ही कोरा असतो का?

सीएंबद्दल. घेतात, नाही कोण म्हणतंय? पण रँक आहे का, पहिल्याच प्रयत्नात सुटला का, आर्टिकलशिप (सीए होतानाची उमेदवारी) कुठल्या फर्ममध्ये केली, हे विचारूनच. कॉलेजच्या जागी फर्म आली, एवढंच. हा मुद्दा मोठा आहे, त्यावर सवडीने वेगळं लिहीन. सध्या एका शेअर इश्यूचं काम चालू आहे आणि टीममधले दोघे सीए रोज रात्री एकपर्यंत माझ्यासोबत बसतात. एक परभणीचा, एक भुसावळचा. पोरं हुशार आहेत.

या लेखावरच्या प्रतिक्रिया आजपासून बंद करतोय. तुमच्यामुळे नाही. स्पॅम फार येतो.