जॅकी रॉबिन्सनच्या आधी ६३ वर्षं : फ्लीटवूड वॉकर

१५ एप्रिल, म्हणजे जॅकी रॉबिन्सनच्या पहिल्या मेजर लीग सामन्याचा दिवस, जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो : ‘१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला तोवर अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पहिल्यापासून तसा नियमच होता.’ (मेजर लीग म्हणजे तिथल्या बेसबॉलची सर्वोच्च पातळी.) रॉबिन्सनबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि त्यांच्यामुळे एक अख्खा माणूस पुसला जातो.

‘एकही नव्हता.’ होता. मोझेस फ्लीटवूड वॉकर, जन्म १८५६, ओहायोचा. १८८१ मध्ये लुईव्हिल शहरात त्याला रंगावरून खेळू दिलं नव्हतं. त्याच लुईव्हिलमध्ये १ मे १८८४ रोजी टोलेडो संघाकडून तो मेजर लीगचा पहिला सामना खेळला. त्या मोसमात ४२ सामने, फलंदाजीची सरासरी .२६३, म्हणजे साधारण चारात एकदा यशस्वी फटका. धाकटा भाऊ वेल्डीही त्याच संघात थोडे सामने खेळला. (१८७९ मध्ये विल्यम एडवर्ड व्हाइट एक सामना खेळला होता. त्याची आई गुलाम होती, पण तो गोरा म्हणूनच वावरला.)

वॉकर कॅचर होता, म्हणजे आपला यष्टिरक्षकच म्हणा. आजचा गादीसारखा हातमोजा तेव्हा नव्हता. हात उघडे, फार तर पातळ कातडं. कोणता चेंडू टाकायचा याची खूण कॅचर करतो. वॉकरच्या खुणांकडे त्याचाच गोलंदाज टोनी मुलेन बघतही नसे, मनाला येईल तो चेंडू टाकायचा. आपण पाहिलेला सर्वोत्तम कॅचर तोच, तरी तो काळा म्हणून आपण असं वागलो, हे मुलेननेच पुढे कबूल केलं. चेंडू कुठून कसा येणार याचा पत्ता नाही आणि तो झेलायचा उघड्या तळव्यांवर! ते ४२ सामने असे झाले. दुखापतींनी बेजार झालेल्या वॉकरला मोसम संपण्याआधीच संघाने सोडलं.

‘ती खरी मेजर लीग नव्हतीच’ असंही कोणी म्हणतं. टोलेडो अमेरिकन असोसिएशन नावाच्या लीगमध्ये खेळत होता आणि बेसबॉलची अधिकृत नोंद तिला मेजर लीगच मानते.

आता ‘नियम’. मेजर लीगमध्ये तसा लेखी नियम कधीच नव्हता. दार आधी उघडं होतं, ते माणसांनी लावून घेतलं. ऑगस्ट १८८३ मध्ये, टोलेडो मेजर लीगमध्ये येण्याआधीच्या एका प्रदर्शनी सामन्यात, शिकागोचा कर्णधार कॅप अ‍ॅन्सन वॉकरविरुद्ध खेळायला तयार नव्हता. टोलेडोच्या व्यवस्थापकाने उलट वॉकरला मुद्दाम उतरवलं. तिकिटांचा पैसा बुडेल म्हटल्यावर अ‍ॅन्सन मुकाट खेळला. एका माणसाने पाय रोवले की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. १४ जुलै १८८७ ला मात्र अ‍ॅन्सनचं चाललं. वॉकर तेव्हा नेवार्ककडून खेळत होता, पण शिकागोविरुद्धच्या त्या दिवसाच्या सामन्यात ना तो उतरला, ना त्याचा कृष्णवर्णीय सहकारी जॉर्ज स्टोव्ही. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या (नेवार्क खेळत होता त्या, मेजर लीगखालच्या लीगच्या) संघमालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला. मेजर लीगमध्ये तेवढंही कागदावर आलं नाही, नुसत्या आपसातल्या समजुतीवर सगळं चाललं.

वॉकर १९२४ मध्ये वारला. १९९० पर्यंत त्याच्या थडग्यावर दगडही नव्हता. पुढच्या एप्रिलला तो मजकूर पाठवाल तेव्हा ‘एकही नव्हता’च्या जागी रॉबिन्सन हा ‘वॉकर बंधूंनंतरचा पहिला’ एवढं तरी लिहा.