पुढच्या वर्षी नक्की

मायकल जॅक्सनचा १९९६ चा अंधेरीतला शो हुकल्याबद्दलचा तुमचा लेख वाचला. त्यातली हळहळ समजली, पण ते तिकीट आम्हाला परवडणारं तरी कुठे होतं! माझं दुखणं वेगळं. राहायला सायनला, षण्मुखानंद सभागृह हाकेच्या अंतरावर. तिथे ३ फेब्रुवारीला झाकीरभाई (तबलावादक झाकीर हुसेन) वडिलांच्या, उस्ताद अल्लारखाँच्या बरसीचा, म्हणजे पुण्यतिथीचा कार्यक्रम करायचे, सकाळपासून. मी आपला 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत कूस बदलायचो. एकदा मेहुण्याने हॉलमधून फोन लावून धरला. ऐकू आल्या त्या टाळ्या आणि कुणाचा तरी खोकला. बायको म्हणाली, अहो जा की, अजून चालू आहे. दाढी वाढली होती म्हणून गेलो नाही (खरंच!). डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. मेहुणा अजून माझ्या दाढीवरून टोमणे मारतो.