ताईची सही राहिली आहे

गेले चार महिने आमच्या घरच्या ग्रुपवर दादाचा एकच निरोप फिरतोय : "ताईची सही राहिली आहे." आईने सही कधीच करून टाकली. माझीही राहिलीच आहे, पण मी जर्मनीत, लाइपझिगला असते. त्यामुळे माझी सही ही टपालाची अडचण समजली जाते. ताई आमच्या गावाहून, घणसोलीहून, रिक्षाने पंधरा मिनिटांवर, कोपरखैरण्यात राहते. म्हणून तिची राहिलेली सही हा हट्ट.

कागद आहे हक्कसोड पत्राचा. नवी मुंबईच्या पंचाण्णव गावांतल्या कुठल्याही घरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आजोबांची भातशेती आणि खाडीकडेचा खारीचा तुकडा सत्तरच्या दशकात सिडकोच्या शहरासाठी गेला. पुढे जानेवारी १९८४मध्ये उरण भागात आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्याच्या जोरावर १९९०मध्ये घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं ठरलं. आमचं प्रकरण चुलत्यांच्या वारसांत अडकून पडलं ते आत्ता कुठे सुटलंय. बिल्डर तयार आहे, त्रिपक्षीय करार टाइप होऊन पडलाय. फक्त बहिणींनी आपला हिस्सा भावाला 'प्रेमापोटी' सोडला, असं लिहून द्यायचं बाकी आहे. प्रेमापोटी हा शब्द खरंच त्या मसुद्यात आहे. आमच्याकडे गरजेपोटी घरं बांधतात आणि प्रेमापोटी हक्क सोडतात.

ताई सही करत नाही म्हटल्यावर माझ्या भाच्याने ग्रुपवर टाकलं, "आत्या, सरकार महिन्याला दीड हजार देतंय ना? आता प्लॉटपण पाहिजे?" पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले चार चेहरे. (ताईला ते दीड हजार मिळत नाहीत, पण विनोदाला तपशील लागत नाही.)

तिथून ग्रुपवर लाडक्या बहिणीचा वाद पेटला. जुलै २०२४पासून तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात पेटतोच. ठाण्यातल्या माझ्या नोकरदार मैत्रिणी म्हणतात, आमच्या करातून रेवड्या वाटतात. गावातल्या वहिन्या म्हणतात, पहिल्यांदा खात्यात माझ्या नावाचा पैसा आला, तुम्हाला का टोचतं? या भांडणात मी वहिन्यांच्या बाजूची आहे. जर्मन सरकार मला माझ्या लेकीसाठी दरमहा अडीचशेहून जास्त युरो देतं. मलाही देतं आणि मोठ्या डॉक्टरांनाही देतं, उत्पन्न कोणी विचारत नाही आणि रेवडीही कोणी म्हणत नाही. त्यावर कुठल्या मंत्र्याचा फोटो नसतो, एवढाच काय तो फरक. पण तो फरक लहान नाही. फोटो असला की पैसा ओवाळणीचा होतो आणि ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते. ज्या ग्रुपवर लाडक्या बहिणीच्या पोस्टला टाळ्या पडतात, त्याच ग्रुपवर ताई लोभी ठरते. बहीण लाडकी आहे ती हिस्सा मागत नाही तोवर.

हे मला इथे राहून जास्त टोचतं, त्याला माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई कारणीभूत आहेत.

मी राहते त्या प्लागविट्झ भागात एकेकाळी सूतगिरणी आणि लोखंडाचे कारखाने होते. आता चित्रकारांचे स्टुडिओ आहेत आणि महाग कॉफी. आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांच्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, तसंच काहीसं. खालच्या बाई आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. पूर्व जर्मनी होतं तेव्हा त्या गिरणीत तीन पाळ्यांत काम करायच्या. अठरा-एकोणीस वर्षांची ओळख, पण आम्ही अजून एकमेकींना 'आपण'च म्हणतो. इथे ते तुटकपणाचं लक्षण नाही.

त्यांची दोन्ही मुलं गिरणीच्याच पाळणाघरात वाढली. १९८९मध्ये पूर्व जर्मनीत तीन वर्षांखालच्या पाचांतली चार मुलं पाळणाघरात जायची. बारा आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा निर्णय बाईचा, हा कायदा तिथे १९७२मध्ये झाला होता. महिन्यातून एक दिवस घरकामासाठी भरपगारी सुट्टी मिळायची, जवळजवळ फक्त बायकांना. बाई हे सांगताना हसतात. "कपडे धुवायला सरकारने मला रजा दिली. नवऱ्याला धुवायला लावायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही." तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे सर्वोच्च मंडळात, अखेरपर्यंत एकही बाई पूर्ण सदस्य झाली नाही. बायकांना सगळं मिळालं, पण देणारे सगळे बाप्येच. त्या धोरणाला तिथले लोक थट्टेने 'मुट्टीपोलिटिक' म्हणायचे. मुट्टी म्हणजे मम्मी.

९ ऑक्टोबर १९८९च्या सोमवारी लाइपझिगच्या रस्त्यावर सत्तर हजार माणसं उतरली. बाईही होत्या. रणगाडे येतील म्हणून धाकट्याला आईकडे ठेवून गेल्या होत्या. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी देश एक झाला. या बाईंना आपण त्या मोर्चात गेलो याचा आजही अभिमान आहे, पश्चात्ताप अजिबात नाही. पत्रं फोडून वाचणारं सरकार परत नकोच म्हणतात. पण पुढचंही सांगतात. आधी पाळणाघर बंद झालं, मग गिरणी. घरकामाची सुट्टीही गेली. रोजगार कचेरीत पश्चिमेकडून आलेल्या तरुण साहेबाने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कामावर गेलात तर मुलांना कोण सांभाळणार?" "तोपर्यंत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तो मुलांची चौकशी करतोय."

तो साहेब ज्या पश्चिम जर्मनीतून आला होता, तिथे १९७७पर्यंत कायद्यातच लिहिलेलं होतं की घरसंसार सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. तान्हं पोर पाळणाघरात ठेवणाऱ्या बाईसाठी त्यांच्याकडे एक शब्दच आहे, 'राबेनमुटर'. डोमकावळीण आई, म्हणू या. स्टुटगार्टला राहणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने तो प्रत्यक्ष ऐकलाय. मी लाइपझिगमध्ये वर्षाची लेक पाळणाघरात सोडली तेव्हा कोणी मान वर करून पाहिलं नाही.

एकीकरणाच्या करारात सगळ्यांत अवघड जागा गर्भपाताची होती. तडजोड म्हणून १९९२च्या अखेरपर्यंत एका देशात दोन कायदे ठेवले. मग संसदेने दोन्हीकडच्या बायकांना चालेल असा एक कायदा केला, तो मे १९९३मध्ये घटनात्मक न्यायालयाने मोडला. १९९५पासून आहे ते असं : गर्भपात गुन्हाच, पण सल्लागाराकडे जाऊन तीन दिवस थांबलात तर बारा आठवड्यांपर्यंत शिक्षा नाही. बाईंच्या शब्दांत, "झोपेतून उठले तर मी वीस वर्षं मागे." आपल्याकडे गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१चा आहे आणि त्यावर आमच्या गावात कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. उलट नवऱ्याने केलेला बलात्कार जर्मनीत १९९७पासून गुन्हा आहे आणि आपल्याकडे नवीन न्याय संहितेतही नाही. कोण पुढे, कोण मागे, हा हिशेब मी कधीच सोडून दिलाय. परदेशात राहणाऱ्याने तो मांडला की एक तर गावाची कीव दिसते नाही तर उमाळा येतो.

माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळं. पूर्वेच्या बायकांना मिळालेल्या सवलती दोन-तीन वर्षांत उडाल्या. कामं गेली. १९९४मध्ये पूर्वेत एका बाईमागे सरासरी ०.७७ मूल जन्मत होतं, इतका धसका बसला होता. पण बायका घरी बसायला तयार झाल्या नाहीत. खालच्या बाई पुढे हिशेबनीस झाल्या. आज पस्तीस वर्षांनंतरही पूर्वेत स्त्री-पुरुषांच्या तासाच्या मजुरीतला फरक सुमारे पाच टक्के आहे, पश्चिमेत सतराच्या आसपास. (पूर्वेत पुरुषांनाच पगार कमी, हेही एक कारण आहे, ते लपवत नाही.) आणि ऑगस्ट २०१३पासून वर्षावरच्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क सगळ्या देशात लागू झाला. सवलत गेली, पण तोवर तिची सवय झाली होती, आणि सवय काही सरकारच्या बरोबर जाईना.

आमच्याकडे नेमकं उलट झालं. सवलती आल्या त्या याच वर्षांत आणि कागदावर आजही जागच्या जागी आहेत. महाराष्ट्राचं महिला धोरण १९९४चं. स्थानिक संस्थांत बायकांना एकतृतीयांश जागा आल्या, नवी मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक १९९५ला झाली तेव्हा आमच्या आळीतल्या एका काकू उभ्या राहिल्या. बॅनरवर काका पुरुषभर उंच आणि काकू त्यांच्या खिशाजवळ टिकलीएवढ्या. तेव्हा मी वीस वर्षांची, खूप हसले होते. आता हसत नाही. २०११पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि काकूंची सून पाण्याच्या प्रश्नावर अधिकाऱ्याला फोनवर कशी झापते, ते मी स्वतः ऐकलंय. माझ्या जर्मन सहकारी बायका हे ऐकून गप्प होतात. शेजारच्या थ्युरिंगेन राज्याने उमेदवारयाद्यांत बायका-पुरुष समसमान असावेत असा कायदा केला, तो तिथल्या न्यायालयाने २०२०मध्ये रद्द केला.

म्हणजे खुर्चीची सवय लागली. जमिनीची लागली नाही.

ताईचं लग्न १५ मे १९९४चं. आम्हा आगऱ्यांत लग्न लावायला धवलारीण असते. बाई धवले गाते, विधी सांगते, सगळा मांडव तिच्या आवाजावर चालतो. हुंडा नाही. माझी आजी मासळीचा पैसा कमरेला लावून फिरायची आणि आजोबा तिच्याकडून विडीला मागून घ्यायचे. आगरी बाई कुणाला ऐकत नाही, असं ठाण्याचे लोक कौतुकाने म्हणतात. सातबाऱ्यावर मात्र ही न ऐकणारी बाई नसायची. १९५६च्या कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला हिस्सा होता, पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क फक्त मुलाला. २२ जून १९९४ला महाराष्ट्राने तो मुलीलाही दिला, त्या दिवसापर्यंत लग्न न झालेल्या मुलींना. एकाच आईबापाच्या आम्ही दोघी. मी आत आणि ताई पाच आठवड्यांनी बाहेर.

पुढे सप्टेंबर २००५मध्ये केंद्राच्या कायद्याने लग्नाची अट काढली, ताई आत. २०१५ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तेव्हा वडील हयात असायला हवे होते. आमचे बाबा २००४ला गेले, ताई पुन्हा बाहेर. ऑगस्ट २०२०मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सांगितलं, वडील असोत-नसोत, हक्क जन्माचा आहे. "कायदा माझ्याशी फुगडी खेळला," ताई म्हणते, "आणि चक्कर मलाच आली."

आणि मी, जी १९९४पासून आत होते? २००६मध्ये इकडे येण्याच्या आठवड्यात दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून वाशीला गेले, दुय्यम निबंधकांसमोर अंगठा, फोटो, सही. गावठाणातल्या घराचा माझा हिस्सा सोडला. काय लिहिलंय ते वाचलं नाही. मी एमएस्सी झालेली, कंपनीचा करार तीन वेळा वाचून सही करणारी. नंतर दादाने वडापाव खाऊ घातला, मला तेव्हा फार भरून आलं होतं.

दादाला मी खलनायक करणार नाही. वीस वर्षं कचेऱ्यांचे जिने त्याने झिजवले. आईची औषधं, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्याने आणि वहिनीने केलं. त्याचं म्हणणं साधं आहे, मी केलं म्हणून माझं. त्यात तथ्य आहे, आणि त्याच्या कष्टाचे पैसे हिशेबातून वेगळे काढायला ताईची हरकतही नाही. तिने तसं लिहून दिलंय. पण दादाला हिशेब नकोय, प्रेम हवंय, स्टॅम्पपेपरवर. आई फोनवर म्हणते, "बाय, सई करून टाक. भावाशी वाकडं नको." बायका सही करतात त्या भित्र्या असतात म्हणून नव्हे. नवऱ्याच्या घरी काही बिनसलं तर रात्री अकराला ज्या दारावर थाप मारायची, ते दार उघडं राहावं म्हणून. हक्कसोड हा माहेराचा विमा आहे. मी तो न वाचता भरला, कारण मला कधी लागणार नव्हता. ताईला लागू शकतो, तरी ती तो भरत नाहीये.

मागच्या गुरुवारी गाडी पकडून बर्लिनला गेले, सव्वा तासाचा रस्ता. भारतीय दूतावासातून मुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्यायचं होतं. दादाने मसुदा ईमेलने पाठवला होता, स्वतःचं नाव घालून. या वेळी गाडीत तो तीनदा वाचला. मग लाइपझिगहून छापून नेलेला दुसरा कागद पुढे केला. त्यात मुखत्यार म्हणून ताईचं नाव आहे.

दादाला अजून सांगितलेलं नाही. टपाल पोचायला दहा-बारा दिवस लागतात.