तासाला 800 हा आकडा कुणी छापला?

दोनशे चौदा काडतुसं. मोजून. गेल्या शनिवारी गॅरेजमध्ये बसून तयार केली आणि आता एकेक करून फोडतोय. फोडायला हातोडीसारखा बुलेट पुलर असतो. त्यात काडतूस अडकवायचं, काँक्रीटवर दोन-तीनदा आपटायचं, की बुलेट आणि पावडर सुटून त्याच्या पोकळ डोक्यात पडते. मग तो उघडायचा, बुलेट एका डब्यात, पावडर दुसऱ्यात, पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, तिसऱ्यात. परत पुढचं काडतूस. खांदा भरून आलाय आणि डोकं त्याहून जास्त तापलंय, म्हणून लिहितोय.

मी ह्यूस्टनजवळ राहतो. महिन्यातून दोन वेळा 9 एमएम पिस्तुलाच्या नेमबाजीच्या मॅचेस खेळतो आणि वापरलेल्या पुंगळ्यांत पावडर भरून काडतुसं स्वतः तयार करतो. सहा वर्षं साध्या सिंगल स्टेज प्रेसवर भरली. एका वेळी एकच काम. आधी सगळ्या पुंगळ्यांच्या बुडातले जुने प्राइमर, म्हणजे पावडर पेटवणाऱ्या टिकल्या, काढायचे, मग सगळ्यांत नवे बसवायचे, मग पन्नास पुंगळ्या लाकडी ट्रेमध्ये उभ्या करून पावडर घालायची, आणि वरून टॉर्च मारून पन्नासच्या पन्नास तोंडांत एका नजरेत बघायचं. कुठे पावडर कमी, कुठे जास्त, लगेच दिसतं. सहा वर्षांत एकही काडतूस दगा देऊन गेलं नाही. पण वेळ फार जायचा, आणि 2020-21 च्या टंचाईत प्राइमर बाजारातून गायब झाले तेव्हा सराव जवळपास बंद पडला होता, तो आता भरून काढायचा होता. म्हणून पैसे साठवून ही सगळी कामं एकदम करणारी प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तासाला 800 काडतुसं.

तासाला 800! मला पहिली शंभर व्हायला तीन शनिवार लागले.

पहिला शनिवार नुसता जोडणीत गेला. मॅन्युअलमधले फोटो काळेपांढरे आणि एवढे बारीक, की कुठला स्प्रिंग कुठे जातो ते भिंग लावूनही कळत नाही. दोन ठिकाणी तर जुन्या मॉडेलचा भाग दाखवलाय, जो माझ्या खोक्यात नव्हताच. शेलप्लेट, म्हणजे पाच पुंगळ्या धरून फिरणारी ती चकती, तिचा मधला बोल्ट किती आवळायचा? मॅन्युअल म्हणतं, ‘योग्य तेवढा’. जरा जास्त आवळला तर प्लेट अडखळते. जरा सैल ठेवला तर पुंगळी कलते आणि प्राइमर पूर्ण बसत नाही, वर राहतो. बोटाने चाचपला की लागतो, खरं तर तो पृष्ठभागाच्या किंचित आत जायला हवा. ‘योग्य तेवढा’ म्हणजे एका आट्याचा आठवा हिस्सा इकडे की तिकडे, एवढं लिहायला कागद कमी पडला का? हजारो लोक हाच बोल्ट आवळत बसले असतील आणि प्रत्येकाने आपापला शनिवार घातला असेल.

मग प्राइमर. शंभर प्राइमरची नळी भरायची, सगळे एकाच बाजूला तोंड करून. आठ-दहा पुंगळ्या सुरळीत जातात आणि अकराव्याला हँडल पुढे ढकलताना हाताला काहीतरी घट्ट लागतं. थांबलो तर दिसतं, प्राइमर आडवा होऊन चेपलाय. ही वस्तू ठोका बसला की पेटते, आणि ती माझ्या तोंडासमोर दीड फुटावर चेपली जातेय. चष्मा डोळ्यांवर असतो म्हणून काय झालं? कारण शोधत गेलो तर दर वेळी वेगळं. कधी पुंगळी लष्करी असते, बुडावर वर्तुळात अधिकचं चिन्ह असलेली, तिच्या प्राइमरच्या खोबणीची कड मुद्दाम दाबलेली असते आणि ती आधी मोकळी करावी लागते. कधी रेंजवरून गोळा केलेल्या ढिगात .380 या दुसऱ्या काडतुसाची आखूड पुंगळी घुसलेली असते, जी 9 एमएमच्या शेजारी ठेवल्याशिवाय ओळखू येत नाही. आणि कधी फक्त पावडरचे दोन कण असतात. प्लेट झटक्याने फिरते, 9 एमएमची पुंगळी आखूड, तोंडातून कण उडतात, प्लेटखाली जातात, प्राइमर बसवणाऱ्या खिळ्याच्या टोकावर चिकटतात. मग प्रत्येक प्राइमरवर त्या कणाचा बारीक खड्डा उमटतो. ब्रशने झाडा, परत लावा, परत झाडा.

माझे आजोबा कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकाम करायचे. पावडर ग्रेनमध्ये तोलतात, आणि ग्रेन हे माप मला अमेरिकेत कुणी शिकवावं लागलं नाही. इंग्रजांनी 1833 साली तोळा 180 ग्रेनचा ठरवला, हे ते लहानपणी सांगायचे. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. 9 एमएमच्या एका काडतुसाला लागणारी पावडर सगळी मिळून दोन-तीन गुंजांची. आजोबा तराजू काचेच्या पेटीत ठेवायचे आणि वजन करताना पंखा बंद करायला लावायचे, कारण गुंजभर इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाइकाचं नुकसान. इथे गुंजभर इकडेतिकडे झालं तर हातातलं पिस्तूल जातं. आणि ही मशीन ते मोजमाप माझ्या नजरेआड, अर्ध्या सेकंदात, आणखी चार कामं सुरू असताना करते.

माझा राग त्यावर आहे. एक हँडल ओढलं की पाच ठिकाणी पाच गोष्टी एकदम घडतात. एका पुंगळीचा जुना प्राइमर निघतो, दुसरीत पावडर पडते, पुढे बुलेट बसते, शेवटी बुलेटभोवती पुंगळीचं तोंड दाबून आवळलं जातं. सगळं सुरळीत असेल तर ठीक. पण अडकतं ते प्राइमरपाशी, आणि तोपर्यंत शेजारच्या पुंगळीत पावडर पडून गेलेली असते. तुम्ही वाकून चेपलेला प्राइमर काढता, पुंगळी बदलता, परत हँडल ओढता. मधल्या वेळात प्लेट फिरलेली नसेल तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडते. माझी पावडर अशी, की एका मापाने पुंगळी अर्धीही भरत नाही. दोन मापं पडली तरी बाहेर सांडत नाही, त्यावर बुलेट व्यवस्थित बसते, वरून काडतूस इतरांसारखंच दिसतं. 9 एमएमला कमाल दाब 35,000 पाउंड प्रति चौरस इंच ठरवून दिलाय. गाडीच्या टायरमध्ये आपण 35 पाउंड हवा भरतो, त्याच्या हजारपट. एका मापाने दाब या मर्यादेत राहतो, दोन मापांनी नाही. उलट चूक झाली आणि पावडर पडलीच नाही, तर नुसत्या प्राइमरच्या जोरावर बुलेट पिस्तुलाच्या नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, आणि मॅचमध्ये घाईत दुसरी गोळी तिच्या मागे झाडली की नळी फुटू शकते.

गेल्या शनिवारी प्राइमर अकरा वेळा अडकला. गॅरेजमध्ये चाळीस अंश, घामाने चष्मा धुरकट, आतून बायको तिसऱ्यांदा हाक मारतेय, “अरे, जेवायला येतोस की मी झाकून ठेवू?” रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदम आठवलं, की सहाव्या-सातव्या वेळी अडकलं तेव्हा दुसऱ्या स्टेशनवरची, म्हणजे पावडर पडते त्या जागेवरची, पुंगळी मी बाहेर काढून रिकामी केली होती की नाही, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. उठून गॅरेजमध्ये गेलो. डब्यात 214 काडतुसं, सगळी एकसारखी चकचकीत.

वजन करून शोधता येईल असं वाटलं. नाही येत. पुंगळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, त्यांच्याच वजनात काही ग्रेनचा फरक. पावडरचं एक माप त्या फरकात सहज लपतं. म्हणून सगळीच फोडायची.

सोमवारी कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक माणूस म्हणाला, तुम्ही घाई करताय, सावकाश चालवा. सावकाश चालवायचं तर खोक्यावर तासाला 800 कशाला छापता? सावकाश चालणारी प्रेस माझ्याकडे होतीच, सहा वर्षं होती! मग तो म्हणाला, पावडर चेक घ्या, पुंगळीतली पातळी कमी-जास्त झाली की आवाज करतो. वेगळा मिळतो, पैसे वेगळे. म्हणजे अशी चूक होते हे तुम्हाला माहीत आहे. तिच्यावरचा इलाज तुम्ही बनवलाय. आणि तो खोक्यात न घालता जादा वस्तू म्हणून विकताय. कप होल्डर जादा म्हणून विका, स्टिकर विका, माझं काही म्हणणं नाही. हा भाग प्रेसबरोबरच यायला हवा, आणि अडकल्यावर काय करायचं ते मॅन्युअलच्या पहिल्या पानावर ठळक हवं: प्लेटवरच्या पाचही पुंगळ्या उतरवा, पावडर परत ओता, मगच हँडलला हात लावा. मॅन्युअल मी दोनदा वाचलं. हे वाक्य त्यात कुठेही नाही. लेबल सरळ कसं चिकटवायचं याला मात्र अर्धं पान दिलंय.

पावडर चेक मागवलाय, गुरुवारी येईल. तोवर प्रेसवर चादर टाकली आहे आणि जुनी सिंगल स्टेज परत टेबलावर आणली आहे.

आतापर्यंत एकसष्ट फोडली. बासष्टावं फोडलं तेव्हा पुलरच्या डोक्यात पावडरचा नेहमीपेक्षा मोठा ढीग दिसला. तराजूवर ठेवला. बरोब्बर दुप्पट.

हे काडतूस रविवारच्या मॅचला माझ्या मॅगझिनमध्ये असतं. शेजारच्या नेमबाजीच्या जागेवर माझा सोळा वर्षांचा मुलगा उभा असतो.