बापाचं पर्सनल लोन मुलाच्या पगारातून? कुणी सांगितलं?

पेन्शनरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: 'निवृत्तीनंतर पर्सनल लोन चालू असताना तुम्ही गेलात, तर बाकी रक्कम मुलांच्या पगारातून कापली जाते. पत्नीची फॅमिली पेन्शन बँक अडवते. म्हणूनच आरबीआयने अशा कर्जाला जीवन विमा सक्तीचा केला आहे. खिशातून एक रुपया जात नाही, प्रीमियम हप्त्यातच बसतो.' खाली जय हिंद आणि एक मोबाइल नंबर. माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. हे वाचून त्यांनी रात्री फोन केला, "माझ्यामागे पोराला त्रास होईल का रे?" डोकंच सणकलं.

आधी पोराच्या पगाराचं बघू. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, ९ सप्टेंबर २००५ पासून ती लागू आहे. तिच्या कलम ६(४) मध्ये स्वच्छ लिहिलंय की त्यानंतर काढलेलं बापाचं, आज्याचं किंवा पणज्याचं कर्ज केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलगा, नातू, पणतू यांच्याकडून वसूल करण्याचा हक्क कोणतंही कोर्ट मान्य करणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५२ तर सगळ्याच धर्मांच्या वारसांना लागू आहे. मयताची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरतीच वसुली. मामांच्या नावावरचं घर किंवा एफडी मुलाकडे आली, तर बँक त्यावर हक्क सांगू शकते, हे खरं. पण मुलाच्या स्वतःच्या पगाराला हात? नाही. अपवाद एकच, मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर. मग ते कर्ज त्याचंही असतं, बाप जिवंत असो वा नसो.

फॅमिली पेन्शन ही मयताची इस्टेट नव्हे, ती पत्नीचा स्वतःचा हक्क आहे. सरकारी पेन्शनवर सावकाराची जप्ती येत नाही, हे तर १८७१ च्या पेन्शन कायद्यापासून चालत आलंय. मात्र इथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क द्यावा लागतो. पेन्शन लोन देताना काही बँका फॅमिली पेन्शनला पात्र असलेल्या जोडीदाराचीच हमी घेतात. मामींनी अशी सही केली असेल, तर बाकी कर्ज त्यांच्याकडे मागितलं जाईल आणि तिथे विम्याचा विचार करणं चूक नाही.

आरबीआयची सक्ती? असा नियमच नाही. विमा नको असेल तर तसं लेखी द्या.

'एक रुपया जात नाही' हे सगळ्यात संतापजनक. समजा ३ लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, ४ वर्षं. हप्ता साधारण ७,९०० रुपये. त्यात २७ हजारांचा एकरकमी प्रीमियम घुसवला की हप्ता ८,६११ वर जातो. म्हणजे २७ हजारांच्या विम्याचे ४ वर्षांत ३४ हजार भरायचे, कारण प्रीमियमवरही व्याज लागतं. शिवाय बहुतेक अशा पॉलिसींत कव्हर कर्जाबरोबर घटत जातं आणि पैसे आधी बँकेकडे वळते होतात.

आणि तो आरोग्याचा फॉर्म! मामांना एजंटने जो पाठवला, त्यात 'मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार' या तिन्हींसमोर 'नाही'वर आधीच टिक. मामा रोज सकाळी नाश्त्यानंतर मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, घेतात. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिली ३ वर्षं माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी पॉलिसीवर बोट ठेवू शकते. कर्ज ४ वर्षांचं, त्यातली ३ वर्षं दावा असा टांगणीला. प्रीमियम मात्र पहिल्याच दिवशी गेलेला.

मामांना सांगितलंय, फॉर्मवर सही करू नका. कर्जाच्या करारात सहकर्जदार आणि जामीनदार या रकान्यांत कुणाची नावं आहेत, ते पान फोटो काढून पाठवा. मामींचं नाव निघालं तर जुन्या एलआयसी पॉलिसीची रक्कम बाकी कर्जाला पुरते का, ते आधी बघू. नाहीच पुरली, तर वेगळी पॉलिसी, मधुमेह लिहून, नॉमिनी मामी.